कोणालाच नको असलेला पूल

१. प्रश्न कोणता?

जे युद्ध आपणच सुरू केले आणि ज्यात आपणच हरलो, त्या युद्धावर एखाद्या देशाने चित्रपट काढायचा म्हटले तर त्यात दाखवायचे काय, असा प्रश्न जर्मन चित्रपटांकडे पहिल्यांदा वळणाऱ्या प्रेक्षकाला हटकून पडतो. जिंकलेल्या देशांना ही अडचण नसते. ब्रिटिश किंवा अमेरिकी युद्धपटात नायकाने शौर्य गाजवले, की ते कशासाठी होते हे वेगळे सांगावे लागत नाही. पण जर्मन सैनिकाचे शौर्य पडद्यावर आले, की ते कोणाच्या कामी आले हा प्रश्न लगेच उभा राहतो, आणि ते दाखवायचेच नाही असे ठरवले, तर लक्षावधी जर्मन घरांतून कायमच्या गेलेल्या माणसांबद्दल बोलायला जागाच उरत नाही. १९४५ नंतरच्या जर्मन भाषेतील युद्धपटांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या कोंडीतून वाट काढण्याच्या धडपडीचा इतिहास आहे.

या धडपडीतून जे थोडे चित्रपट टिकून राहिले, त्यांत बर्नहार्ड विकी या दिग्दर्शकाचा ‘डी ब्र्यूके’, म्हणजे ‘पूल’, हा १९५९ सालचा पश्चिम जर्मन चित्रपट फार वरच्या जागी आहे. त्याची कथा दोन वाक्यांत सांगता येते. युद्ध संपायला अवघे काही दिवस उरलेले असताना एका लहान गावातील सोळा-सोळा वर्षांच्या सात शाळकरी मुलांना गणवेश चढवून गावच्याच पुलावर उभे केले जाते, आणि संध्याकाळपर्यंत त्यांतील सहा जण मेलेले असतात. चित्रपट पाहून उठणाऱ्या माणसाच्या मनात मात्र या दोन वाक्यांत न मावणारा प्रश्न राहतो. तो पूल सैन्याला नको होता, मुलांनी मरावे असे गावातल्या कोणालाही वाटत नव्हते, त्यांना वाचवण्यासाठी तर निदान तीन मोठ्या माणसांनी मनापासून खटपट केली होती. मग ती मुले मेली कशी? या प्रकरणात त्याच प्रश्नाचा माग काढायचा आहे, आणि त्यासाठी आधी तो काळ, मग ती कथा आणि शेवटी ती कथा पाहणारा प्रेक्षक, अशा क्रमाने जावे लागेल.

२. १९४५ चा वसंत आणि पुलांची गोष्ट

चित्रपटातील घटना २७ एप्रिल १९४५ या दिवसाची आहे. त्यानंतर तीनच दिवसांनी हिटलरने बर्लिनमध्ये आत्महत्या केली आणि अकराव्या दिवशी, ८ मे रोजी, युरोपातील युद्ध संपले. पूर्वेकडून सोव्हिएत आणि पश्चिमेकडून अमेरिकी व ब्रिटिश फौजा जर्मनीच्या पोटात शिरल्या होत्या, आणि दक्षिणेकडील बव्हेरिया प्रांतात अमेरिकी तुकड्या रोज नवी गावे घेत पुढे सरकत होत्या. पराभव झालेला आहे हे सामान्य शिपायालाही कळत होते, पण ते मोठ्याने बोलणे हा मृत्युदंडाचा गुन्हा होता.

अशा माघारीच्या युद्धात पुलाला दुहेरी अर्थ असतो. मागे हटणाऱ्या सैन्याला आपली शेवटची गाडी पार होईपर्यंत पूल हवा असतो आणि त्याच्या पुढच्या क्षणी तो नको असतो, कारण आता त्यावरून शत्रू येणार असतो. म्हणून पुलाखाली आधीच सुरुंग पेरून ठेवायचे, काही माणसे राखणीला ठेवायची आणि नेमक्या वेळी पूल उडवायचा, अशी पद्धत असते. ही नेमकी वेळ चुकली तर काय होते, हे ७ मार्च १९४५ रोजी ऱ्हाइन नदीवरच्या रेमागेन या गावी दिसले होते. तेथील रेल्वेपूल उडवण्याचा प्रयत्न फसला, अमेरिकी सैनिकांनी तो उभाच्या उभा ताब्यात घेतला, आणि हिटलरने संतापून फिरते लष्करी न्यायालय पाठवून जबाबदार धरलेल्या अधिकाऱ्यांना गोळ्या घालायला लावल्या. त्यानंतर बाराच दिवसांनी, १९ मार्चला, शत्रूच्या हाती पडू शकणारे पूल, रेल्वे, कारखाने असे सारे नष्ट करावे असा त्याचा प्रसिद्ध आदेश निघाला. पुलाबाबत ढिलाई दाखवणे म्हणजे स्वतःचा जीव धोक्यात घालणे, ही समजूत त्यामुळे खालच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचली होती.

दुसरी गोष्ट माणसांची. सैन्यात माणसे उरली नव्हती, म्हणून १९४४ च्या शरद ऋतूत ‘फॉल्क्सश्टुर्म’ नावाचे लोकदल उभारण्यात आले आणि १६ ते ६० या वयाचे, एरवी सैन्यात न घेतलेले पुरुष त्यात ओढले गेले. त्याशिवाय १९२८ आणि १९२९ साली जन्मलेल्या मुलांना थेट भरतीची पत्रे जाऊ लागली. या मुलांचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. १९२९ च्या आरंभी जन्मलेला मुलगा हिटलर सत्तेवर आला तेव्हा चार वर्षांचा होता. त्याची सारी शाळा नाझी राजवटीत झाली. तो दहा वर्षांचा झाला त्याच वर्षी, म्हणजे १९३९ मध्ये, हिटलरच्या युवा संघटनेची सेवा कायद्याने सक्तीची झाली आणि त्याच वर्षी युद्ध सुरू झाले. युद्ध नसलेला देश त्याला धड आठवतच नव्हता, आणि मातृभूमीसाठी मरणे हे पुरुषाचे सर्वांत मोठे भाग्य आहे हे वाक्य त्याने वर्गात, शिबिरात आणि रेडिओवर इतक्या वेळा ऐकलेले होते, की त्यावर शंका घ्यायला लागणारी शब्दसंपत्तीही त्याच्यापाशी नव्हती.

३. पुलावरून परतलेला लेखक

चित्रपट ज्या कादंबरीवर आधारलेला आहे, ती १९५८ साली मान्फ्रेड ग्रेगोर या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. लेखकाचे खरे नाव ग्रेगोर डोर्फमाइस्टर. त्याचा जन्म १९२९ चा, म्हणजे वर मांडलेला हिशेब त्याचा स्वतःचाच आहे. दक्षिण बव्हेरियातील बाड ट्योल्त्स या गावात तो वाढला, युद्धाच्या अगदी शेवटच्या दिवसांत सोळाव्या वर्षी लोकदलात ओढला गेला, बरोबरीच्या मुलांसह अमेरिकी रणगाड्यांसमोर पुलावर उभा राहिला आणि त्यातून वाचला. पुढे तो त्याच गावात पत्रकार झाला आणि २०१८ साली मरेपर्यंत आपल्या अनुभवाबद्दल बोलत राहिला. त्याच्या दुसऱ्या कादंबरीवरही १९६१ साली चित्रपट निघाला, त्यात कर्क डग्लस हा नट होता. पण डोर्फमाइस्टरचे नाव राहिले ते या पहिल्या पुस्तकामुळे.

कादंबरीची रचना तुकड्यातुकड्यांची आहे. पुलावरची लढाई चालू असते आणि मध्येच एकेका मुलाचा भूतकाळ उलगडत जातो. विकीने आणि त्याच्या सहलेखकांनी ही रचना मोडली आणि सारे सरळ कालक्रमाने मांडले, म्हणजे आधी गाव, घरे, शाळा, मग भरती, मग पूल. हा बदल वरवर साधा वाटतो, पण चित्रपटाचे सारे बळ त्यातून आले आहे. कादंबरीत वाचक मरणाच्या दारातल्या मुलाकडून मागे वळून पाहतो, त्यामुळे त्याचे बालपण आधीच शोकाच्या सावलीत असते. चित्रपटात प्रेक्षक मुलांना आधी नुसती मुले म्हणून भेटतो, त्यांच्या खोड्यांवर हसतो, कधी त्यांच्यावर वैतागतो, आणि पुढे काय होणार हे ठाऊक असूनही काही काळ ते विसरतो.

४. सात घरे

चित्रपटाचा जवळजवळ पहिला अर्धा भाग युद्धपटासारखा वाटतच नाही. गावाला नाव नाही. नदीवर पूल आहे, पुलाजवळ एक बॉम्ब पडतो, आणि घाबरण्याऐवजी मुले तो खड्डा पाहायला धावत सुटतात. नदीकाठी ती एक जुनी नाव दुरुस्त करत आहेत. शाळेत इंग्रजीचा तास चालू आहे, म्हणजे ज्यांच्याशी लढायचे त्यांचीच भाषा त्यांना शिकवली जात आहे, आणि श्टेर्न नावाचे त्यांचे मास्तर भिंतीवरच्या नकाशापेक्षा पुस्तकात रमणारे गृहस्थ आहेत.

घरे मात्र एकेक करून उघडत जातात, आणि तिथे प्रौढांचे जग आतून किती पोखरले आहे ते दिसते. वाल्टर फोर्स्टचे वडील गावचे नाझी पुढारी आहेत; इतरांच्या मुलांना लढायला सांगणारा हा माणूस स्वतः मात्र गाव सोडून पळण्याची तयारी करतो, आणि मुलाला ते दिसते. कार्ल होर्बरचे वडील न्हावी आहेत. त्यांच्या दुकानात काम करणाऱ्या तरुणीवर कार्लचा जीव जडलेला आहे आणि तिचे आपल्या बापाशीच संबंध आहेत हे त्याला अत्यंत वाईट पद्धतीने कळते. युर्गेन बोर्शर्ट जमीनदार लष्करी घराण्यातला, ज्याच्या घरात सैन्यात जाणे हा प्रश्नच नसतो. हान्स शोल्टेन बाहेरगावाहून आलेला, मित्राच्या, म्हणजे आल्बर्ट मुत्सच्या, घरी राहणारा. सर्वांत लहानखुरा सिगी, ज्याची आई लोकांचे कपडे धुऊन घर चालवते आणि त्याला नातेवाइकांकडे पाठवून वाचवू पाहते. तो मात्र मित्रांना सोडून जायला तयार नसतो.

क्लाउस हागर आणि त्याच्या वर्गातली फ्रान्झिस्का यांचा एक छोटा प्रसंग चित्रपट समजून घ्यायला पुरेसा आहे. क्लाउसने तिला आपले मनगटी घड्याळ दिलेले असते, आणि भरतीचे पत्र येताच तो ते परत मागतो, कारण सैनिकाला घड्याळ लागते. मुलगी त्यामुळे किती दुखावली जाते, हे त्याला कळतही नाही. क्रूर असा हा मुलगा अजिबात नाही. शिपाई होण्याच्या आनंदात तो इतका बुडालेला आहे की समोरच्या माणसाचा चेहरा त्याला वाचता येत नाही. विकीने हा प्रसंग संगीताने फुगवलेला नाही, लांबवलेलाही नाही. दहा वर्षांच्या शिकवणुकीने कोवळ्या मनाचे काय होते हे त्याने दोन मुलांच्या बोलण्यातून दाखवले, आणि असे दाखवणे भाषणांपेक्षा कितीतरी अवघड असते.

भरतीची पत्रे आल्यावर मुलांना आनंद होतो आणि आयांना रडू येते. ही विभागणी साऱ्या चित्रपटभर टिकते.

५. वाचवणाऱ्यांची साखळी

आता मूळ प्रश्नाकडे यायला हरकत नाही. मुलांना पुलावर कोणी पाठवले?

मास्तर श्टेर्न बराकीत जाऊन कप्तान फ्र्योलिश यांना भेटतात आणि या मुलांना लढाईत ढकलू नका अशी विनंती करतात. कप्तानालाही ते मनातून पटलेले आहे. पण एकाच दिवसाचे प्रशिक्षण झालेले असताना रात्री हालचालीचा हुकूम येतो, मुलांची तुकडी आघाडीकडे निघणार असे ठरते, आणि कप्तानाला त्यांना घरी धाडण्याचा अधिकार नाही. तेव्हा तो नियमात बसणारी एक युक्ती काढतो. गावातला पूल लष्करी दृष्ट्या कुचकामाचा आहे, तो लवकरच उडवला जाणार आहे. मुलांना तिथे राखणीला ठेवले तर ती आघाडीपासून दूर, स्वतःच्या घरांपासून हाकेच्या अंतरावर राहतील. त्यांच्यासोबत हाइलमान नावाचा अनुभवी, समजूतदार सार्जंट दिला जातो आणि मुलांना सांभाळून घरी पोहोचवायचे, हे त्याला न सांगताही कळते.

हाइलमान मुलांसाठी कॉफी मिळवावी म्हणून रात्री गावात जातो. तिथे पळपुट्या सैनिकांना हुडकत फिरणारे लष्करी पोलीस त्याला गाठतात. आपली तुकडी सोडून एकटा फिरणारा सैनिक म्हणजे पळपुटा, हा त्या दिवसांतला सरळ हिशेब होता. हाइलमानला आपले म्हणणे पटवून देता येत नाही, तो घाबरून पळतो आणि गोळी लागून मरतो. पुलावर मुलांना याचा पत्ताच नसतो. हा पूल उडवला जाणार आहे, त्याच्यासाठी मरण्याचे कारण नाही, ही एकच गोष्ट त्यांना सांगू शकणारा माणूस गेला, आणि मुलांकडे उरला तो फक्त हुकूम: पूल राखा.

चित्रपटाच्या रचनेचा कणा हा आहे. चुलीवरचे दूध उतू जाऊ लागले असताना घरातला प्रत्येक जण येता-जाता आच थोडी कमी करून जातो, पण भांडे खाली कोणीच उतरवत नाही, तसे येथे घडते. मास्तर विनंती करतात, पण वर्गात मुलांना जे शिकवले गेले त्याविरुद्ध उघड बोललेले नसतात. कप्तान हुकूम मोडत नाही, त्याला वळसा घालतो. सार्जंट मुलांना तिथल्या तिथे घरी पळवून लावत नाही, सकाळपर्यंत वेळ काढू पाहतो. प्रत्येकाने आपापल्या अधिकारात आणि आपापल्या धाडसात बसेल तेवढा चांगुलपणा केला. यंत्रणा मात्र जागची हलली नाही, आणि त्या सगळ्या चांगुलपणाची बेरीज होऊन मुले नेमकी त्या ठिकाणी पोहोचली जिथे रणगाडे येणार होते. दुष्ट माणूस दाखवून प्रेक्षकाचा राग त्याच्यावर वळवण्याचा सोपा मार्ग विकीने येथे टाळला. गावचा नाझी पुढारी भित्रा आणि ढोंगी आहे खरा, पण मुलांच्या मृत्यूची साखळी त्याच्या हातून सुरू झालेली नाही, ती सभ्य माणसांच्या हातांतून पुढे सरकली आहे.

६. पुलावरचा दिवस

पहाटे मागे हटणाऱ्या सैन्याच्या गाड्या पुलावरून जातात. जखमी, थकलेले, नजर चुकवणारे शिपाई पाहूनही मुलांचा उत्साह मावळत नाही. मग एक विमान येते. आधी भित्रेपणावरून चिडवले गेल्यामुळे या वेळी सिगी जमिनीवर आडवा पडायला नकार देतो, उभाच राहतो, आणि सात जणांतला पहिला मृत्यू त्याचा होतो. शत्रू अजून दिसलेलाही नसतो. मित्रांच्या चेष्टेने तो मेला म्हणायचे की शूरपणाच्या शिकवणीने, हे चित्रपट प्रेक्षकावर सोपवतो. मुलांच्या दृष्टीने मात्र आता पूल हा हुकूम राहिलेला नसतो. त्यावर त्यांच्या मित्राचे रक्त आहे.

त्यानंतर रणगाडे येतात. येथे एका शस्त्राबद्दल सांगणे आवश्यक आहे. ‘पान्झरफाउस्ट’ हे एकदाच वापरायचे, खांद्यावरून किंवा काखेत धरून सोडायचे रणगाडाविरोधी अस्त्र जर्मनांनी लाखोंनी बनवले होते. त्याची नळी दोन्ही बाजूंनी उघडी असते, म्हणजे पुढून स्फोटक गोळा सुटतो तेव्हा मागून आगीचा झोत बाहेर पडतो. ते वापरायला फार शिकावे लागत नसल्यामुळे शेवटच्या महिन्यांत ते म्हातारे आणि मुले यांच्या हाती दिले गेले. चित्रपटात वाल्टर एका घरातून ते रणगाड्यावर सोडतो; रणगाडा पेटतो, आणि त्याच क्षणी त्याच्या मागे उभा असलेला त्या घरातला म्हातारा मागच्या झोतात भाजून निघतो. विजय आणि त्याची किंमत एकाच प्रसंगात, एकाच खोलीत दाखवण्याचे असे उदाहरण युद्धपटांत फारसे सापडत नाही. प्रेक्षकाला टाळी वाजवायला एक श्वासही मिळत नाही.

दुसरा प्रसंग त्याहून कठीण आहे. एक अमेरिकी सैनिक समोर कोण लढते आहे हे ओळखतो, लहान मुलांशी आम्हांला लढायचे नाही अशा अर्थाचे ओरडून सांगतो आणि त्यांना थांबवू पाहतो. कार्ल त्याच्यावर गोळी झाडतो. तो सैनिक लगेच मरत नाही. पोटातली जखम धरून तो ओरडत राहतो, आणि कॅमेरा बाजूला होत नाही. थोड्याच वेळात कार्ल मारला जातो, क्लाउसचे भान सुटते आणि तो गोळीबारात धावत जाऊन मरतो. युर्गेन आणि वाल्टरही एकेक करून जातात. शेवटी अमेरिकी तुकडी माघार घेते, म्हणजे पूल राखला जातो. हान्स आणि आल्बर्ट हे दोघेच जिवंत असतात.

नंतर जे घडते त्यामुळे हा चित्रपट इतरांपेक्षा वेगळा ठरतो. जर्मन सैन्याचे सुरुंगपथक पूल उडवायला येते. पथकाचा प्रमुख या दोन मुलांची टर उडवतो, आणि आपले पाच मित्र ज्या पुलासाठी मेले तो पूल आपलेच लोक उडवणार होते हे हान्सला त्या क्षणी कळते. तो बंदूक रोखतो, प्रमुख आपले शस्त्र त्याच्यावर उगारतो, तेवढ्यात आल्बर्ट मागून गोळी झाडून प्रमुखाला ठार करतो. पथक पळते, पळताना झाडलेल्या गोळ्यांनी हान्स मरतो, आणि आल्बर्ट एकटा घराकडे निघतो. पूल उभाच राहतो. जर्मन सैन्याला तो पाडायचा होता, अमेरिकनांना तो ओलांडायचा होता, आणि दोन्ही सैन्यांना अडवून तो उभा ठेवणारी मुले संपली होती. पडद्यावर शेवटी एक ओळ येते. घटनेची तारीख देऊन ती सांगते की ही गोष्ट इतकी किरकोळ होती की कोणत्याही लष्करी निवेदनात तिची नोंद झाली नाही.

७. लाकडी रणगाडे आणि खरे चेहरे

चित्रीकरण बव्हेरियाच्या पूर्व भागातील काम या लहान शहरात, रेगेन नदीवरच्या पुलावर झाले. खरे अमेरिकी रणगाडे निर्मात्यांना उपलब्ध नव्हते, म्हणून मालमोटारींच्या सांगाड्यांवर लाकडी रणगाडे उभारण्यात आले. बारकाईने पाहणाऱ्याला त्यांची चाकेही दिसून जातात. तरीही ते खोटे वाटत नाहीत, कारण विकी रणगाडा दाखवण्याआधी त्याचा खडखडाट ऐकवतो आणि तो ऐकणाऱ्या मुलांचे चेहरे दाखवतो. भीती यंत्रात नसते, ती ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असते, हे त्याला छायाचित्रकार म्हणूनही ठाऊक असावे. स्थिर छायाचित्रणाचा त्याला गाढ छंद होता आणि १९६० साली त्याच्या छायाचित्रांचे पुस्तकही निघाले.

गेर्ड फोन बोनिन यांचे कृष्णधवल छायाचित्रण वृत्तपटासारखे आहे. मुलांच्या भूमिकांसाठी प्रसिद्ध नट घेतलेले नाहीत. फ्रिट्झ वेपर, फोल्कर लेश्टेनब्रिंक ही नावे जर्मनीत पुढे घरोघर पोहोचली, पण १९५९ साली प्रेक्षकाला हे चेहरे अनोळखी होते, आणि त्यामुळे यांतला कोण वाचणार हे नटाच्या प्रसिद्धीवरून ओळखण्याची सोय त्याला नव्हती. चित्रपटाला उत्कृष्ट परभाषी चित्रपटाचा गोल्डन ग्लोब मिळाला, पश्चिम जर्मनीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ऑस्करसाठीही त्याला नामांकन मिळाले. ऑस्कर त्या वर्षी फ्रान्सच्या ‘ब्लॅक ऑर्फियस’ला गेले.

८. १९५९ सालचा प्रेक्षक

हा चित्रपट त्याच वर्षी का आला, हे समजण्यासाठी पश्चिम जर्मनीतील एक मोठा वाद ध्यानात घ्यावा लागतो. पराभवानंतर देश निःशस्त्र झाला होता. १९५५ साली तो नाटो या लष्करी करारात सामील झाला, त्याच वर्षी नवे सैन्य उभे राहिले, आणि १९५६ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा झाला. युद्ध संपून पुरती बारा वर्षेही झाली नव्हती, तोच नव्या पिढीच्या घरी पुन्हा भरतीची पत्रे जाऊ लागली. चित्रपटातील मुलांच्या हातातली पत्रे पाहताना १९५९ च्या प्रेक्षागृहातील आईबापांना केवळ १९४५ आठवत नव्हते.

त्याच काळात युद्धपटांची लाट आली होती. ‘०८/१५’ ही १९५४-५५ मधील तीन भागांची मालिका तुफान चालली. ‘आफ्रिकेचा तारा’ या १९५७ च्या चित्रपटात एका जर्मन लढाऊ वैमानिकाची कहाणी होती. हेल्मुट कॉयटनर या दिग्दर्शकाचा ‘सैतानाचा सेनापती’ अधिक गंभीर होता, पण या लाटेतील बहुतेक चित्रपटांची मांडणी एकच होती: सैनिक आणि अधिकारी सच्चे, धाडसी, आतून नाझींविरुद्ध, आणि मूठभर नाझी हे सारे बिघडवणारे. या मांडणीत प्रेक्षकाला आपले शौर्यही जपता येत होते आणि अपराधाचा भारही दुसऱ्यावर टाकता येत होता. विकी स्वतः याच काळातला नट होता. कॉयटनरच्या ‘शेवटचा पूल’ या १९५४ च्या चित्रपटात, जर्मन डॉक्टर बाईला पकडून नेणाऱ्या युगोस्लाव्ह बंडखोरांच्या म्होरक्याची भूमिका त्याने केली होती, म्हणजे पडद्यावर तो जर्मन सैन्याच्या समोरच्या बाजूला उभा राहिलेला होता. ‘पूल’मध्ये त्याने त्या लाटेतील नायकच काढून घेतला. लढाई आहे, धाडस आहे, जळणारे रणगाडे आहेत, पण ते सारे ज्यांच्या हातून घडते त्यांना अजून नीट दाढीही फुटलेली नाही.

युद्धाचे चित्रण करणारा चित्रपट खरोखर युद्धविरोधी असू शकतो का, हा समीक्षकांचा जुना प्रश्न आहे, कारण पडद्यावरची लढाई कितीही भीषण असली तरी ती पाहताना रक्त सळसळतेच. ‘पूल’लाही हा धोका पूर्णपणे टाळता आलेला नाही, लढाईचे काही क्षण थरारक आहेत आणि ते तसे नाहीत असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पण तो थरार नेहमी त्याच दृश्यात मोडला जातो, कधी भाजलेल्या म्हाताऱ्याने, कधी पोट धरून ओरडणाऱ्या परक्या सैनिकाने, आणि हे विकीने जाणीवपूर्वक केले आहे.

९. चित्रपटात काय नाही

इतके सांगून झाल्यावर उणिवेचीही चर्चा व्हायला हवी. ‘पूल’मध्ये जर्मन मुले मरतात, जर्मन आया रडतात, जर्मन सैनिक जर्मन सार्जंटला मारतात. या राजवटीने इतरांचे काय केले, ते चित्रपटात येत नाही. ज्यू नाहीत, छळछावण्या नाहीत, पोलंड किंवा रशियातील जळलेली गावे नाहीत. गावातून कोणी नाहीसे झाले होते का, हा प्रश्न एकही पात्र विचारत नाही. त्यामुळे जर्मन जनता ही या युद्धाची केवळ बळी होती, असा सोयीचा समज घेऊन प्रेक्षक घरी जाऊ शकत होता, आणि अनेक जण गेलेही असतील. शिवाय मास्तर, कप्तान आणि सार्जंट हे तिघेही भले दाखवल्यामुळे सैन्य मुळात सभ्य होते हा लाटेतल्या चित्रपटांचा सूर येथेही हलकासा ऐकू येतो. हा आक्षेप योग्य आहे आणि चित्रपटावरील प्रेमापोटी तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

मात्र त्याला एक वेगळी बाजूही आहे. विकी हा ऑस्ट्रियात जन्मलेला, स्विस वडिलांचा मुलगा; तरुणपणी एका स्वतंत्र युवक संघटनेशी संबंध असल्यामुळे नाझींनी त्याला पकडून बर्लिनजवळील साक्सेनहाउसेन छळछावणीत काही महिने डांबले होते. म्हणजे जे त्याच्या चित्रपटात नाही, ते त्याने स्वतः आतून पाहिलेले होते. तरी त्याने सोळा वर्षांच्या मुलांच्या दृष्टीची चौकट ओलांडली नाही, आणि त्या मुलांना जे दिसत नव्हते ते प्रेक्षकालाही दाखवले नाही.

ही चौकट ओलांडण्याचे काम सीमेपलीकडे, पूर्व जर्मनीत झाले. १९६५ साली योआखिम कुनर्ट यांनी ‘वेर्नर होल्टची साहसे’ हा चित्रपट केला. त्यातही शाळेतून थेट युद्धात गेलेली त्याच वयाची मुले आहेत, पण नायकाला आपल्या बाजूने केलेल्या अत्याचारांकडे पाहणे भाग पडते. त्यानंतर तीन वर्षांनी कॉनराड वोल्फ यांचा ‘मी एकोणीस वर्षांचा होतो’ आला. वोल्फ हे जर्मन, पण नाझींमुळे परागंदा झालेल्या कुटुंबाबरोबर मॉस्कोत वाढलेले आणि सोव्हिएत सैन्याचा गणवेश घालून १९४५ साली मायदेशी परतलेले. त्यांच्या चित्रपटाचा तरुण नायक तसाच परततो, त्याच एप्रिल महिन्यात, ध्वनिक्षेपकावरून जर्मन सैनिकांना शस्त्रे खाली ठेवण्याचे आवाहन करत. वोल्फ यांनी या कथेच्या मध्यभागी एका जुन्या माहितीपटाचा भाग जसाच्या तसा जोडला, ज्यात एका छावणीतील कर्मचारी तेथे माणसे कशी मारली जात हे शांतपणे समजावून सांगतो. ती छावणी साक्सेनहाउसेन होती.